शिवीची सोयरीक

कानो शहराच्या जुन्या तटबंदीच्या आतल्या त्या गल्लीत असाबेला एक प्रश्न विचारायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी कुणी ना कुणी नवखा येतोच. दारातल्या खोलीत चटईवर बसतो, पाणी पितो आणि विचारतो, "मालमा, शिकायला कोरियन सोपी की आपली हौसा?" मालमा म्हणजे बाई, शिकवणारी. हा प्रश्न कानावर पडला की शेजारचा शिंपी मशीन थांबवतो, समोरची भजीवाली झारा कढईतच ठेवते, आणि सगळे ऐकायला उभे राहतात.

"सोपी म्हणजे? कुणाला सोपी?" असाबे म्हणते. "तू काय बाजारात भोपळा घ्यायला आलायस, हलका कुठला नि जड कुठला ते बघायला? घरी जा. आईशी नीट बोलायला शीक. तीच भाषा तुला अजून आलेली नाही."

रागाला तिच्याकडे कधी तोटा नव्हता. बाप निळीच्या कुंडांवर रंगारी होता, अत्यंत शांत माणूस. त्याच्या वाट्याचा सगळा संताप बहुधा देवानं लेकीला देऊन टाकला. तिनं दोन नवरे केले आणि दोन्ही सोडले. ते दोघेही आजतागायत ती दिसली की रस्त्याची दुसरी बाजू धरतात. शिकली भरपूर. कोरियात एका विद्यापीठात कित्येक वर्षं हौसा शिकवली, तिथली भाषा तिथल्या लोकांना लाजवील अशी बोलायला लागली, आणि आई अंथरुणाला खिळली तशी परत आली. आई गेली, ही राहिली. दारातल्या खोलीत फळा टांगला. सकाळी शहराबाहेर पाण्याचा कारखाना बांधणारे कोरियन साहेब हौसा शिकायला येत, आणि दुपारच्या नमाजानंतर गल्लीतल्या मुली कोरियन शिकायला. त्या मुलींना कोरियन मालिकांनी वेड लावलं होतं. भाषा यायच्या आधी रडणं आलं होतं.

तर सोपी कुठली? राग ओसरल्यावर ती सांगायची, कारण सांगितल्याशिवाय तिला राहवायचं नाही. कोरियन अक्षरं एका दुपारी येतात, आणि मग माणूस जन्मभर समोरच्याचं वय मोजत बसतो. क्रियापद शेवटी, आणि त्या क्रियापदाला शेपूट लावायचं ते समोरचा थोरला की धाकटा हे बघून. पहिल्या भेटीत वय विचारतात ते उगाच नाही. वय कळल्याशिवाय त्यांना वाक्य संपवताच येत नाही. हौसात तसली भानगड नाही. राजालाही तेच, भिकाऱ्यालाही तेच. पण हौसाचा सूर चढला की एक अर्थ, उतरला की दुसरा, आणि हे चढ-उतार कुठं लिहिलेले नसतात. शिकणाऱ्यानं अंधारात जिना उतरल्यासारखं पाय टाकत जायचं. त्यात बाई-पुरुष वेगळे. कोरियन माणूस पहिले सहा महिने गल्लीतल्या सगळ्या बायकांना पुरुष करून टाकतो. उलट आमची कानोची पोरगी कोरियन शिकते आणि कुणाच्याही आजीला खुशाल विचारते, "काय गं, जेवलीस का?"

"कोरियनांचा आदर क्रियापदात असतो," असाबे म्हणायची, "आणि आपला गुडघ्यात. आपण मोठ्यांपुढे खाली बसतो, नजर झुकवतो, संकोचानं स्वतःच्या थोरल्या मुलाचं नाव तोंडानं घेत नाही. हे फळ्यावर लिहिता येत नाही. आता मी काय करू, गुडघा टांगू इथं?"

तिचा सगळ्यात चांगला विद्यार्थी म्हणजे मेंग ग्यू-सिक, पाण्याच्या कारखान्याचा मोठा साहेब. पंचेचाळिशीचा, अंगानं बारीक, इस्त्रीच्या सदऱ्याचा माणूस. इतर साहेब 'पाणी आण' आणि 'उद्या ये' इतकं आलं की पसार व्हायचे. मेंग दोन वर्षं नेमानं येत राहिला. सूर बरोबर लागेपर्यंत एकच शब्द घोटायचा. घशातले आमचे ते दाबून काढायचे आवाज काढताना त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या. असाबेनं त्याचं कधी कौतुक केलं नाही, पण त्याच्यासाठी कोरियन पद्धतीचा सातूचा चहा ठेवायची, त्यावरून गल्लीनं काय ते ओळखलं. शेवटी असा दिवस आला की फाटकावर रखवालदार आपापसांत काय बोलतात तेही मेंगला समजू लागलं. तिथंच घात झाला.

कारखान्याच्या फाटकावर बुकार नावाचा रखवालदार होता. पस्तिशीचा, उंच, कपाळावरून नाकापर्यंत उतरलेली, लहानपणीच कोरलेली जमातीची रेघ, म्हणजे बोर्नो प्रांताकडचा कानुरी. तिकडं बंदूकवाल्यांनी त्याचं गाव जाळलं, माणसं बांधून खरोखरची गुलाम म्हणून नेली. हा बायको-पोरांना घेऊन चालत निघाला तो कानोला येऊन थांबला. इथं त्याचं कुणी नव्हतं. आणि कोठारावर होते बाबा साम्बो, साठी उलटलेले, तोंडात मोजून चार दात, जातीनं फुलानी, म्हणजे गाईगुरांवाले.

आता फुलानी आणि कानुरी यांची सोयरीक शिवीची. त्यांचे पूर्वज एकमेकांशी लढून दमले आणि मग लढाईच्या जागी थट्टा ठेवून दिली. भेट झाली की तो याला माझा गुलाम म्हणणार, हा त्याला. टोपी हिसकायची, चघळायच्या कोलाच्या बियांची खंडणी मागायची, मयताच्या घरीसुद्धा जाऊन टिंगल करायची. रागवायचं नाही. जो रागावला तो हरला, गाव त्याला हसतं. बुकार पहिल्या दिवशी नोकरी मागायला फाटकाशी भेदरून उभा होता तेव्हा साम्बोनं त्याच्या कपाळाकडे बघितलं आणि हाक मारली, "अरे, माझा पळालेला गुलाम! कुठं होतास इतके दिवस? तुझ्या आज्याचे पैसे अजून फिटले नाहीत." बुकारनं श्वास सोडला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, दूध चोरून पोट सुटलंय तुझं. आधी मालकाला नमस्कार कर." झालं. त्याला कानोत घर मिळालं. परक्या मुलखात प्रेमानं बोलणारे पुष्कळ भेटतात. हक्कानं शिव्या देणारा मिळायला नशीब लागतं.

रोज सकाळी हा तमाशा चालायचा. मजूर कामावर जाताना मुद्दाम थांबायचे.

त्या सकाळी साम्बोला यायला उशीर झाला. बुकार फाटक अडवून उभा राहिला आणि त्यानं म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपी उचलली.

"गुलाम टोपी घालतो? कुठल्या राज्यात? खंडणी टाक. कोलाच्या चार बिया. नाहीतर हिचं मी कोंबडीला घरटं करतो."

"दे इकडं, बोर्नोच्या उंटा. तुला विकला तर एका बीचीही किंमत यायची नाही."

"तू मर एकदा म्हाताऱ्या, तुझं कफनसुद्धा मी विकीन."

मेंगची गाडी त्याच वेळी आली. काच खाली होती. शब्द न शब्द त्याला समजला, आणि समजला म्हणूनच तो गाडीतून उतरला. चेहरा पांढराफटक. चालत आला आणि स्वच्छ, निर्दोष हौसात बुकारला म्हणाला, "टोपी परत दे. आत्ता दे. तुझं इथलं काम संपलं."

मजुरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, साहेबही खेळात उतरला. परक्या माणसाला थट्टा आली, अजून काय हवं? बुकारला तर आभाळ ठेंगणं झालं. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वा, आज मला दोन दोन गुलाम! साहेब, तुमची खंडणी मोठी. बूट काढा."

सगळे हसले. साम्बो सगळ्यांत मोठ्यानं हसले. पुढच्या अर्ध्या तासात बुकारचा डबा, चटई आणि पाण्याची किटली फाटकाबाहेर वाळूत होती, आणि खुर्चीवर दुसरा रखवालदार.

साम्बो त्या संध्याकाळी असाबेच्या दारात आले ते दाराबाहेरूनच बोलत आले. ख्यालीखुशाली विचारली नाही, आणि आमच्याकडे ती न विचारता बोलणं म्हणजे घराला आग लागलीय असं समजावं. मुली घाईनं वह्या मिटून आत सरकल्या.

"मालमा, तुझ्या विद्यार्थ्यानं माझा गुलाम हाकलला."

"कोण विद्यार्थी? काय झालं?"

त्यांनी सांगितलं. "माझ्यासाठी हाकलला म्हणे. माझ्या मानासाठी. मी कधी त्याच्याकडे मान मागायला गेलो होतो? मान घरी पुष्कळ आहे. सुना देतात, नातवंडं देतात. शिव्या देणारा एकच होता."

असाबेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं डोक्यावरून पदर घेतला, तीनचाकी रिक्षा थांबवली, आणि रिक्षावाल्याला वाटेत इतकं बोलली की बिचाऱ्यानं भाडं सांगायचं धाडस केलं नाही. कारखान्याच्या कचेरीत सात-आठ कोरियन साहेब काम करत होते. मेंग तिला बघून उभा राहिला आणि कमरेतून वाकला, कारण त्यांच्यात गुरू म्हणजे बापाच्या बरोबरीचा. असाबेनं त्या सगळ्या हाताखालच्या माणसांदेखत त्याला कोरियनमध्ये अरे-तुरे केलं. कचेरीतले पंखेसुद्धा थांबल्यासारखे झाले.

"मेंग, तू काय केलंस? तुला कुणी अधिकार दिला?"

"बाई, तो त्या वृद्ध गृहस्थांना गुलाम म्हणाला."

"म्हणणारच. म्हणायलाच पाहिजे."

"त्यांचं कफन विकीन म्हणाला. बाई, मी शब्द चुकीचा ऐकला का?"

"नाही. बरोबर ऐकलास."

"मग? हे शब्द तुम्हीच मला शिकवलेत."

हे तिला चांगलंच लागलं. तिनं शब्द शिकवले होते, सूर शिकवले होते, नजर झुकवायला शिकवली होती. हे कधी शिकवायचं सुचलं नव्हतं, कारण मासा कधी पाणी शिकवत नाही. बांधलेली शिदोरी आणि सांगितलेली अक्कल किती दिवस पुरायची? तिनं आवाज थोडा खाली आणून फुलानी आणि कानुरींची सगळी सोयरीक पहिल्यापासून समजावून सांगितली. मेंगनं मान खाली घालून ऐकून घेतली.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, माझे वडील म्हातारपणी एका उंच इमारतीच्या दारावर रखवालदार होते. एका तरुण भाडेकरूनं गाडी लावण्यावरून त्यांच्या डोक्यावरची टोपी उडवली. सगळ्यांसमोर म्हणाला, ए म्हाताऱ्या. वडिलांनी टोपी उचलली, वाकून त्याची माफी मागितली. मी जिन्यात उभा होतो. मी काहीच केलं नाही. इथं मला करता आलं, म्हणून केलं."

त्याचा राग खोटा असता तर असाबेनं तिथंच त्याची सालं काढली असती. पण तो खरा होता, आणि चुकीच्या दारावर जाऊन पडला होता. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. तिला त्याचाच जास्त राग आला.

"बुकारला परत घे," ती म्हणाली.

"घेतो. तुमचा शब्द मोडणार नाही. पण त्यानं सगळ्यांसमोर त्या वृद्धांची माफी मागावी. गुडघे टेकून. मग विषय संपला."

त्याला वाटलं, आपण मोठं मन दाखवलं. असाबेला वाटलं, यापेक्षा हाकललेला बरा. थट्टेची माफी मागितली की ती थट्टा राहत नाही. माफी मागणं म्हणजे कबूल करणं की मी तुला खरोखर शिवी दिली, मनापासून दिली. म्हणजे इतके दिवस दिलेल्या सगळ्या शिव्या खऱ्या. हे ती त्याला तीन वेळा बोलली. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी ती बुकारच्या खोलीवर गेली. त्याची बायको फालमाता बाजरीची उकड वाढत होती. पोरं ताटलीभोवती बसली होती, पातळ उकड बोटांनी निपटत होती. बुकारनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हातारा काय म्हणतो?"

"म्हणतो, तू गुडघे टेकलेस तर त्याला गुलाम नाही आणि तूही त्याचा कुणी नाहीस."

"आणि नाही टेकले तर पोरांना उकड नाही." तो हसला नाही, रागावलाही नाही. "मालमा, गाव सोडताना मी बंदुकीसमोर गुडघे टेकलेत. हे तर नोकरीसाठी आहे."

"टेकू नकोस," असाबे म्हणाली. मग पोरांकडे बघून तिलाच आपल्या बोलण्याची लाज वाटली. पोट भरलेल्या माणसानं दुसऱ्याला ताठ राहायला सांगणं सोपं असतं.

माफीची सकाळ ठरली. मजूर कडुनिंबाखाली गोळा झाले. साम्बोंना मेंगनं स्वतः खुर्ची आणून दिली, त्यामुळे ते आणखी आक्रसून बसले. बुकार पुढं आला, वाळूत गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "बाबा, माझ्या तोंडून तुमचा अपमान झाला. आपण थोर आहात. मला क्षमा करा."

बाबा. थोर. इतक्या वर्षांत त्यानं त्यांना पहिल्यांदा असं म्हटलं होतं. साम्बो त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या तोंडचा एखादा वाकडा शब्द यायचा राहिला असेल म्हणून थांबले. आला नाही. मग ते म्हणाले, "बुकार, ऊठ. अल्ला क्षमा करणारा आहे. घरी मुलाबाळांना सलाम सांग." आणि खुर्चीवरून उठून कोठाराकडे चालू लागले. त्यांनी त्याला त्या दिवसापर्यंत नावानं कधी हाक मारली नव्हती.

बुकार पुन्हा खुर्चीवर बसला. त्यानंतर रोज सकाळी फाटकावर जे व्हायचं ते ऐकायला असाबे मुद्दाम दोनदा जाऊन आली, आणि दोन्ही वेळा दात खात परत आली. साम्बो यायचे. बुकार उठून उभा राहायचा. रात्र बरी गेली का? बरी गेली. घरची मंडळी? देवाच्या दयेनं. थकवा कसा आहे? आहे तसा. इतकं बोलून म्हातारा आत जायचा. फाटकाशी आता कुणी थांबत नव्हतं. थांबण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि मेंग? तो त्या आठवड्यात शिकवणीला आला तो सुकवलेल्या फळांची पेटी घेऊन. दोन्ही हातांनी पेटी पुढं करून म्हणाला, "बाई, तुमच्यामुळे सगळं नीट झालं. आता किती छान बोलतात एकमेकांशी. मी रोज ऐकतो."

असाबेनं पेटी घेतली नाही. ती तशीच त्याच्या हातांत राहिली.

"छान?" ती म्हणाली. "मेंग, त्या माणसाचं गाव जळालं. आई-बाप मातीत गेले. या सबंध शहरात त्याचा एक नातेवाईक होता, तो तू काढून घेतलास आणि वर त्याला पगार देतोस. हे छान? तू ऐकतोस ना रोज? मग त्या दोघांचं बोलणं तुला मयतावरच्या लोकांसारखं वाटत नाही? तुझ्या कानात मी दोन वर्षं काय ओतलं, शेंगदाण्याचं तेल?"

मेंगच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो म्हणाला, "मी दोघांची माफी मागतो."

"माफीनंच तर मोडलं ते. माफीनं मोडलेलं माफीनं कसं जुळेल? ऊठ. आज शिकवणी नाही. तुझं तोंड बघवत नाही मला."

तो उठला, वाकला, पेटी दाराशी ठेवून गेला. जाताना त्याचे ओठ हलत होते. असाबेला वाटलं, मनातल्या मनात रडतोय. तिथं तिचा अंदाज चुकला. मेंग हुशार विद्यार्थी होता, आणि हुशार विद्यार्थ्याचा काही भरवसा नसतो. बाईंनी सांगितलं ते त्यानं नीट जोडलं: माफीनं मोडलं, माफीनं जुळणार नाही. म्हणजे शिवीनं जुळेल.

चार दिवसांनी मेंगनं स्वतःच बोलावलं म्हणून असाबे सकाळी कारखान्यावर गेली. निरोपात इतकंच होतं, बाईंनी यावं, मला काही दुरुस्त करायचं आहे. ती पोचली तेव्हा मजूर कामावर शिरत होते. साम्बो नुकतेच फाटकाशी आले होते, रात्र बरी गेली का इथपर्यंत बोलणं झालं होतं. मेंग कचेरीतून निघाला, ताठ चालत बुकारसमोर येऊन उभा राहिला. नव्या सुनेनं पहिल्यांदा चुलीला हात लावावा तसा तो भेदरलेला होता. पण शब्द त्यानं घोटून आणले होते.

"काय रे माझ्या गुलामा," तो म्हणाला. "उशीर का केलास? मेलास तर तुझं कफन मी विकीन."

एकही सूर चुकला नाही. घशातला आवाज जिथून यायचा तिथून आला. असाबेनं दोन वर्षं ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला तशी हौसा त्याच्या तोंडून त्या क्षणी निघाली, आणि तिला वाटलं, धरणीनं आपल्याला पोटात घ्यावं.

कुणी हसलं नाही. बुकारच्या हातातली काठी खाली आली. त्याच्या गावात गुलाम हा शब्द थट्टेत नसलेल्या माणसांनी उच्चारला होता, दोरखंड हातात घेऊन. आणि हा साहेब होता, पगार देणारा, पोरांची उकड ज्याच्या सहीवर होती तो. बुकारनं नजर जमिनीला लावली.

"होय साहेब," तो म्हणाला. "चूक झाली साहेब."

मेंगला कळलं, काहीतरी भयंकर झालं. काय झालं ते कळलं नाही. तो वळून असाबेकडे बघू लागला. असाबे तोंड उघडणार, तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा धाडकन वाळूत आपटला.

"ए," बाबा साम्बो म्हणाले. "ए साहेबा. काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"बाबा..." मेंग म्हणाला.

"बाबा गेला खड्ड्यात. गुलाम कुणाचा म्हणालास? तुझा? तो माझा गुलाम आहे. माझ्या आज्यानं त्याच्या आज्याला शिव्या दिल्यात, त्याच्या आज्यानं माझ्या आज्याला दिल्यात. तुझ्या आज्यानं कुणाला दिल्या? कुठं होता तो? आयत्या बिळावर नागोबा! हाकल मला. घे तुझ्या किल्ल्या, घे तुझं कोठार. पण याला गुलाम म्हणायचं असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे. समजलास?"

मेंगला शब्द न शब्द समजला. तो वडीलधाऱ्यापुढं उभं राहावं तसा हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या हाताखालचे साहेब खिडक्यांतून बघत होते, मजूर श्वास रोखून होते, आणि म्हाताऱ्याची नोकरी त्या वाळूत किल्ल्यांशेजारी पडली होती. असाबे मधे गेली नाही. गेली असती तर तिनं मेंगचा गळाच धरला असता, म्हणून तिनं आपलेच हात पदरात गुंडाळून ठेवले.

बुकारनं नजर वर केली. त्यानं साम्बोकडे बघितलं, थरथरणाऱ्या हनुवटीकडे, वाळूतल्या किल्ल्यांकडे. मग तो खाकरला.

"म्हाताऱ्या," तो म्हणाला, "ओरडू नकोस. चारच दात उरलेत, तेही साहेबाच्या अंगावर उडतील."

साम्बो त्याच्याकडे वळले. तोंड वाकडं झालं, रडायच्या बेतात आहे की हसायच्या ते कळेना.

"किल्ल्या उचल, बोर्नोच्या उंटा," ते म्हणाले.

"मालकानं किल्ल्या उचलायच्या? तुझ्या सात पिढ्यांत कुणी असं ऐकलंय? तूच वाक. गुडघे दुखतात? दुधाची चोरी कमी कर."

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग ते हसू फाटकापासून कडुनिंबापर्यंत पसरत गेलं. किल्ल्या शेवटी दोघांनीही उचलल्या नाहीत. मेंगनं वाकून उचलल्या, वाळू झटकली आणि दोन्ही हातांनी साम्बोंपुढं धरल्या. साम्बोंनी त्या घेतल्या आणि त्याच्याकडे न बघता आत गेले. बुकार त्यांच्या पाठीमागून ओरडत होता की खंडणी राहिली आहे.

मेंग असाबेजवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते. खालच्या आवाजात कोरियनमध्ये त्यानं विचारलं, "बाई, माझं काय चुकलं? सूर?"

असाबेला त्याला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्या वेळी तिला इतका राग आला होता की तिच्या दोन्ही भाषा त्याला पुरल्या नाहीत.

"सूर बरोबर होते," ती म्हणाली, आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेली.